तीन कार्डं, एक तक्ता आणि मेंबर नंबर

मस्कतच्या आमच्या ऑफिसात एका सकाळी सलीम तीन बँकांची पत्रकं घेऊन माझ्या टेबलापाशी आला. सलीम म्हणजे ट्रान्सपोर्टचा ओमानी सुपरवायझर, आणि आमच्या केटरिंग कंपनीतल्या नव्याकोऱ्या युनियनचा अध्यक्ष. ओमानमध्ये तेव्हा युनियनला नुकतीच परवानगी मिळाली होती.

तिन्ही बँका युनियनच्या मेंबरांना सवलतीत क्रेडिट कार्ड द्यायला तयार होत्या. सलीम म्हणाला, "सिस्टर, तुम्ही पगाराचं काम बघता. यातलं चांगलं कोणतं ते सगळ्यांना कळेल असं लिहून द्या ना!"

आता एक्सेल म्हणजे माझा जीव की प्राण! दोन दुपारी बसून इंग्रजीत झकास तक्ता केला... वार्षिक फी, व्याज, उशीर झाला तर दंड, पगार किमान किती हवा. वर ठळक अक्षरांत ‘फक्त युनियन मेंबरांसाठी’. मेसच्या भिंतीवर चिकटवला आणि येता-जाता मीच बघत उभी राहायचे.

लोकांनी काय करावं? एक बँक कार्डाबरोबर ट्रॉली बॅग फुकट देत होती. निम्मी मेस त्या बॅगेवर भाळली! "अहो, बॅग काय बघताय, व्याज बघा!" म्हणून घसा कोरडा केला... पण ऐकतंय कोण.

खरं सांगायचं तर कार्ड मलाच हवं होतं. लेकीची फर्स्ट होली कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पहिल्या प्रसादाचा विधी, दोन महिन्यांवर आली होती आणि आईला वसईहून आणायचं होतं. बाबा गेल्यापासून ती कुठे म्हणून गेली नव्हती. या वेळी पहिल्यांदाच फोनवर स्वतःहून म्हणाली, "येते मी."

व्हिजा झाला होता, अडलं होतं तिकिटापाशी. स्वस्तातलं तिकीट तेव्हा इंटरनेटवरच मिळायचं, तेही कार्ड असेल तर. एजंटकडचे सुट्टीतले भाव ऐकूनच आम्ही फोन ठेवून द्यायचो.

नवऱ्याला हॉटेलात पगार रोख मिळायचा, त्यामुळे बँक त्याला दारात उभं करायची नाही. माझा पगार कार्डासाठी थोडक्यासाठी कमी पडायचा. युनियनच्या मेंबरांना मात्र एका बँकेने नेमकी तिथेच सूट दिली होती. ती मी केव्हाच हेरून ठेवली होती.

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस बुधवार. ऐटीत पेन काढून भरायला बसले. नाव, पासपोर्ट नंबर, अल् घुब्राचा पत्ता... आणि त्याखाली ‘युनियन मेंबर नंबर’.

कुठला नंबर? मी मेंबरच नव्हते! स्वतःच्या हाताने ठळक टाइप केलेली ओळ, पण ती मलाही लागू आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. काय म्हणावं या शहाणपणाला!

बरं, मला कोणी विचारलं नव्हतं असंही नाही. सहा महिन्यांपूर्वी इब्राहिमभाई युनियनच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आले होते. भाई आमच्या मोठ्या किचनचे हेड कुक, रत्नागिरीकडचे. तेव्हा मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "भाई, आम्ही स्टाफ. युनियन लेबरसाठी असते."

तिथे या दोन शब्दांत फार अंतर असायचं. बस वेगळी, मेसमधली टेबलं वेगळी. भाई पावतीपुस्तक मिटून निघून गेले.

आता त्याच माणसाच्या दारात जायचं... कुठल्या तोंडाने? पण बारा वाजत आले होते, साडेबाराला सलीम फॉर्म घेऊन बँकेत निघणार होता. आणि आईचं ते "येते मी" काही कानातून जाईना. गेले.

भाई बिर्याणीच्या डेगीवर झाकण ठेवत होते. मी एका दमात म्हटलं, "भाई, मला मेंबर व्हायचंय."

त्यांनी शांतपणे हात पुसले. "युनियनसाठी का कार्डासाठी गो?"

खोटं बोलायचं ठरवूनच आले होते, पण बाहेर पडलं ते खरंच. "कार्डासाठी. आईला आणायचंय."

भाई असे खदखदून हसले की भाजी चिरणारे सगळे वळून बघायला लागले! "मग लाजतेस कशाला? मी खोलीतल्या एसीसाठी आलो. उन्हाळाभर बंद होता. नुसतं युनियनसाठी कोण येतो गो बाय?" लगेच पावती फाडली, नंबर घातला आणि वर म्हणाले, "यल्ला, पळ आता. सलीम थांबायचा नाही."

मी धावत गेले. फॉर्म वेळेत पोचला.

भाईंनी स्वतः कार्ड घेतलंच नाही. धर्मात मनाई, म्हणून व्याजाच्या वाटेला ते जात नसत. पण ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांना तक्त्यापुढे उभं करून एकेक रकाना त्यांनी हिंदीत समजावून दिला होता. हे मला नंतर सलीमकडून कळलं... आणि फार लाज वाटली. मी तर कागद चिकटवून मोकळी झाले होते.

कार्ड आलं, तिकीट निघालं, आई आली. कम्युनियनच्या जेवणाला भाईंना आग्रहाने घरी बोलावलं. आई आणि ते सुक्या बोंबलांवर जे बोलत बसले ते तासभर उठेचनात.

ते गेल्यावर आईने विचारलं, "कोण गं हे? तुझे साहेब?"

"नाही गं. युनियनमधले."

"म्हणजे तुझ्याबरोबरचेच."

"हो आई... माझ्याबरोबरचे." हे म्हणताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

कार्ड मी वर्षभरात बंद केलं. युनियनची वर्गणी मात्र मस्कत सोडेपर्यंत भरली, दर महिन्याला, भाईंच्याच हातात.