कोण्या गावचा हा शब्द?

“कोण्या गावचा हो हा?” असं विचारताना सरांचा एक हात कानामागे जायचा आणि मान जराशी कलायची. नवख्याला वाटे, पाहुण्याची चौकशी चाललीय. चौकशी असायची शब्दाची. पोरांच्या तोंडी नवा शब्द आला, की त्याचं मूळ गाव सापडल्याशिवाय आमच्या या हिंदीच्या सरांना घास गोड लागत नसे.

नामांतराची चळवळ पेटलेली होती, तेव्हाची ही गोष्ट. सेलूकडच्या एका मोठ्या गावात शाळेवर मी मराठी शिकवायचे. सर मूळचे पिंगळीचे, आवाज खणखणीत आणि आत्मविश्वास त्याहून दांडगा.

एकदा वर्गात एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, “बंडल मारू नको.” सरांचा हात कानामागे गेला. मग सरांनीच निकाल दिला, “मानवतचा हाय. कापसाचा गठ्ठा वरून पांढराशुभ्र, अन् आत पालापाचोळा. म्हणून खोटं बोलणं म्हंजी बंडल!” ‘लाइन मारणं’ तर त्यांनी थेट स्वतःच्या गावालाच बहाल केलं होतं. “आमच्या ठेसनावरला गँगमन दिसभर लायनीवर नजर लावून फिरायचा. नुस्तं बघायचा!” पोरं बाकं बडवायची.

मी म्हटलं, “सर, हे तुमच्या मनचं आहे.”

“असंल की. पण बाई, शब्दाला गाव नसलं, की तो मोकाट फिरतोय. कुणाच्याबी अंगावर जातोय.”

अंगावर जाणारे शब्द तेव्हा कमी नव्हते. सर बौद्ध होते. ते स्टाफरूममध्ये आले, की रंगलेल्या गप्पा मध्येच थांबायच्या. डबा खायला सगळे टेबलाभोवती आणि सर खिडकीपाशी, हे कुणी न बोलता ठरून गेलं होतं. एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “तुमी तरी सांगा यान्ला, बाई. बदली घ्या म्हणावं. परभणीला आपली मान्सं हायती.”

सर शांतपणे म्हणाले, “मी गेलो, तर खिडकीतली जागा तशीच ऱ्हाईल. दुसरा येईल, त्योबी तिथंच बसंल.”

मग एके दिवशी सरांची प्रशिक्षणासाठी निवड झाली. गणिताचे सर टेबलावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मजा आहे बुवा! सरकारचे जावई तुम्ही.” राखीव जागेवर लागलेल्यांना लोक सर्रास चिकटवायचे तो हा शब्द.

सरांनी हात कानामागे नेला. मान कलली.

“जावई? कोण्या गावचा हो हा?”

गणिताचे सर भाकरी मोडू लागले.

“बरं, मीच सांगतो. हा तुमच्याच घरचा हाय. अन् आता धोंड्याचा महिना लागलाय. आमी काई हे पाळत न्हाई, पण तुमी पाळता. जावई म्हणलात, तर त्याला धोंडे खाऊ घालायचा रिवाज तुमच्यावर आला. माझे धोंडे कुठायत?”

असं म्हणून सरांनी आपला डबा उचलला, खुर्ची ओढली आणि टेबलापाशी गणिताच्या सरांसमोर बसून जेवले. कुणाला हसावं की उठावं कळेना. उठलं मात्र कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी एक पितळी डबा त्यांच्यापुढे सरकवला. आत तुपात भिजलेले पुरणाचे धोंडे. मान खाली घालूनच ते पुटपुटले, “हिनं दिलेत. म्हणाली, तुम्हीच त्यांना जावई म्हणालात ना, मग आता शाळेत रिकाम्या हातानं जाऊ नका.”

सरांनी एक धोंडा खाल्ला आणि दुसरा त्यांच्या हातावर ठेवला. “सासऱ्यानंबी खावा.”

एका डब्यानं सगळ्यांची मनं धुऊन निघाली, असं मी म्हणणार नाही. टोमणे पुढेही ऐकले. पण खिडकीपाशी पुन्हा कुणी एकटं बसलं नाही. पुढे शाळेवर बौद्ध समाजाचे आणखी दोघे शिक्षक आले, ते पहिल्या दिवसापासून टेबलाशीच बसले. सरांनी बदली घेतली नाही. आणि दर धोंड्याच्या महिन्यात तो पितळी डबा न चुकता येत राहिला.

आम्हा जुन्या-नव्या शिक्षकांचा आता मोबाइलवर ग्रुप आहे. सर गेल्याची बातमी परवा तिथंच आली. पाठोपाठ आरआयपी, आरआयपी, आरआयपी. मला हसू आणि रडू एकदमच आलं. हात कानामागे नेऊन “बाई, कोण्या गावचा हो हा आरआयपी?” म्हणणारा माणूसच उरला नव्हता. मी ‘जयभीम, सर’ एवढंच लिहिलं.

थोड्या वेळानं गणिताच्या सरांनी लिहिलं, ‘जावई गेला.’

एका नव्या शिक्षकानं विचारलं, ‘सर, तुमचे जावई होते का?’

गणिताच्या सरांचं उत्तर आलं,

‘आधी सरकारचे होते. मग आमचे झाले.’