तिचं निम्मं रान

आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे माळाची पेरणी. मी तिफणीनं बाजरी पेरत होतो, बायको मागं मोघण्याच्या नळीतून मटकी सोडत होती. म्हणाली, "बाजरी नुसती ताठ उभी राहती, तुमच्यासारखी. माती धरायची अक्कल मटकीलाच." निम्मं रान झालं आणि ती तिफणीच्या तासातच पडली. उठलीच नाही.

काल मोठा पाऊस झाला. तिच्या निम्म्यात वेलाखाली माती जागेवर आहे. माझ्या निम्म्यात बाजरीची मुळं उघडी पडलीत, माती ओढ्याला गेली. ती माझ्या हयातीत परत यायची नाही. मागं राहिलेलं माणूसही असंच उघडं पडतं.

तिला जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "आबा, मोघणं मी धरते." तिच्या जागी दुसरं कुणी चाललेलं मला बघवलं नसतं. मी एकटाच गेलो आणि नुसती बाजरी पेरून आलो.