दुसरी वेलांटी

आमच्या साहेबांनी अंधांसाठी एक बटण करून घेतलं होतं. त्यावर काळा चष्मा आणि पांढऱ्या काठीचं चित्र होतं. ते फक्त माउसने दाबता यायचं.

जळगावची आमची छोटी कंपनी शाळांसाठी मराठीत लिहायचा एडिटर बनवते. माझ्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. गावातल्या गुरुजींनी पैसे न घेता शिकवलं नसतं, तर आज मी रावेरला केळीच्या गाड्या भरत असतो. साहेबांनीही मुलाखतीत माझं तोडकं इंग्रजी मनावर न घेता मला कामावर ठेवलं. दोघांचे उपकार मी मानतो. फक्त गुरुजींबद्दल आदरही वाटतो.

भडगावच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई आहेत. त्या जन्मापासून अंध आहेत. संगणकावर जे असेल ते बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरून त्या इतकी वर्षं आपल्या वर्गाची प्रश्नपत्रिका स्वतः काढत होत्या. मग त्यांच्या संस्थेने आमचा एडिटर घेतला आणि सगळ्या प्रश्नपत्रिका त्यातच करायचा आदेश निघाला. मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर नववीचा पेपर दुसऱ्या मॅडम काढतील. तुम्ही परिपाठ घ्या." बाईंनी कंपनीला फोन केला. जाऊन गोड बोलून ये, असं सांगून साहेबांनी मला पाठवलं.

बाईंनी माझ्यासमोर एक ओळ टाइप केली. पडद्यावर ती छापल्यासारखी उमटली. स्क्रीन रीडर म्हणाला, "रिक्त." त्यांनी बाणाची कळ दाबली. "रिक्त."

"भाऊ, तुम्हाला काय दिसतंय?"

"ओळ आहे, बाई."

"वा. माझी जागा रिक्त व्हायच्या आत मलाही ती ऐकू येऊ द्या."

मग त्यांनी मला ते चष्म्याचं बटण दाबायला लावलं. एक गोड आवाज सुरू झाला, "नमस्कार. आपल्या अंतर्दृष्टीला आमचा प्रणाम." त्याच वेळी स्क्रीन रीडरही बोलत होता, त्यामुळे दोन्हींतलं काही कळेना.

"ही कोण?"

"साहेबांची पुतणी."

"तिला म्हणावं, प्रणाम पोचला. आता गप बस."

दोष साधा होता. जोडाक्षरं देखणी दिसावीत म्हणून आमचा एडिटर अक्षरं चित्रासारखी रंगवायचा. चित्रातलं स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. मी साहेबांना हे समजावून सांगितलं.

"अरे, किती अंध लोक आपलं सॉफ्टवेअर वापरणार? बटण दिलंय ना आपण? भावना महत्त्वाची." थोडा विचार करून ते म्हणाले, "बटण लहान झालंय का? मोठं करा. दुरून दिसलं पाहिजे."

ते दोन दिवसांत मोठं झालं. त्यासाठी माणसं होती, वेळ होता.

बाकीचं काम मी ऑफिस सुटल्यावर केलं. रंगवलेल्या अक्षरांच्या मागे तोच मजकूर खरा, न दिसणारा ठेवला आणि कर्सर दोन्हीकडे बरोबरीने चालवला. स्क्रीन रीडर वाचू लागला. मी खुशीत बाईंना फोन केला.

"वाचतो, पण 'दिन' आणि 'दीन' सारखंच म्हणतो," त्या म्हणाल्या. "शुद्धलेखनाचा प्रश्न मी कसा काढू? आणि वेलांटी चुकली तर पुसताना अख्खं अक्षर जातं."

म्हणून बाणाच्या कळीने अक्षर सुटं करून ऐकवायची सोय केली, आणि पुसताना आधी नुसती वेलांटी जाईल असं केलं. पहिल्या खेपेला मी वेलांटीला 'ह्रस्व इकार मात्रा' असं नाव दिलं होतं.

"एवढं ऐकेपर्यंत माझी सुट्टीची घंटा होईल," बाई म्हणाल्या. "तुमच्या शाळेत काय म्हणायचे?"

"पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी."

"मग?"

तसं केल्यावर त्यांनी बराच वेळ कळा दाबून पाहिल्या आणि आता सगळं बरोबर आहे हे अहिराणीत सांगितलं, "आते बठ्ठं बराबर शे." घटक चाचणीचा पेपर त्याच काढणार, हे त्यांनी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवलं.

साहेबांना हे समजलं तेव्हा त्यांचं मन भरून आलं. दिव्यांग दिनाला धुळ्यात हॉल घ्यायचा, बाईंना शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्यांच्याकडून प्रात्यक्षिक करून घ्यायचं असं ठरलं. निमंत्रण त्यांनी आमच्याच एडिटरात स्वतः टाइप करून सगळ्यांना पाठवलं. ऑफिसात सगळ्यांनी ते वाचलं आणि खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

बाईंचा फोन आला. "तुमच्या साहेबांचं निमंत्रण तुमच्या एडिटरात टाकलंय. ऐका." त्यांनी फोन स्पीकरजवळ धरला. बाणाच्या कळीबरोबर आवाज आला, "द, दुसरी वेलांटी. न."

साहेबांनी 'दिव्यांग दीन' लिहिलं होतं.

"चूक कशी म्हणू?" बाई म्हणाल्या. "त्यांच्या मनात होतं तेच बोटातून उतरलं. दीन ते दीन."

"साहेबांना सांगू का?"

"नको. माझ्या कामाचं आहे ते."

त्या धुळ्याला आल्या नाहीत. पेपर छपाईला द्यायचा आहे, असं कळवलं. मग साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांना रुमाल बांधून प्रात्यक्षिक दिलं. बटण त्यांना सापडलं नाही. पाहुण्यांना एकमेकांचं ऐकू येईना म्हणून स्पीकर आधीच बंद केला होता. तरी टाळ्या जोरात पडल्या, आणि शाल कोणाला तरी द्यायला हवी म्हणून ती पुतणीला देण्यात आली.

चाचणी झाल्यावर बाईंनी मला नववीचा पेपर पाठवला. अक्षर न अक्षर त्यांचं होतं. व्याकरणाच्या विभागात एक प्रश्न असा होता: 'पुढील वाक्य लेखननियमांनुसार पुन्हा लिहा. आम्ही दिव्यांग दीन थाटामाटात साजरा केला.'

मी तो पेपर छापून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत सगळा वाचला.

"बघ," ते म्हणाले, "आपली अक्षरं किती सुबक येतात."