भर दुपारी समुद्रात दिसलेलं रान

“तुमच्या शरीरात पाणी जास्त झालंय,” डॉक्टर म्हणाले.

मी कोचीच्या एका रुग्णालयात, आयसीयूच्या खाटेवर पडले होते. डॉक्टर तरुण होते आणि हिंदी जपून जपून बोलत होते. मला वाटलं, त्यांचा शब्द चुकला. मी उदगीरची. त्या वर्षी आमच्याकडे नळ पंधरवड्यातून एकदा यायचा, लातूरला तर रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिकडच्या बाईला पाणी जास्त झालं हे निदान ऐकून मी हसले म्हणे. मला ते हसणं आठवत नाही.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, हायपोनेट्रेमिया. म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. मिठातून मिळणारा हा घटक साधारण एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस असावा लागतो. माझा एकशे तेरावर आला होता. रक्त असं पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि मेंदू सुजतो. कवटी हाडाची, तिथं सुजायला जागा नसते.

ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं आणि रक्तदाबाची गोळी घेणारं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही आमच्या भागातल्या बायकांनी हे वाचावं. माझ्या हातून झालेली चूक पुण्या-मुंबईच्या बाईकडून झाली नसती.

मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. सागरी प्रवाह, भरती-ओहोटी, खंडान्त उतार, सगळं फळ्यावर काढलं. समुद्र पाहिला तो निवृत्तीनंतर, एकदा, गणपतीपुळ्याला, तोही परतीची गाडी चुकेल या घाईत. आमचे हे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि उदगीर जिल्हा व्हावा म्हणून झटणाऱ्या समितीत जाऊन बसले. दर सव्वीस जानेवारीच्या आधी नवा जिल्हा जाहीर होणार अशी हवा उठते. त्या वर्षी समितीनं फेटेसुद्धा आणून ठेवले होते. जिल्हा आला नाही, फेटे तेवढे परत गेले.

महेश, आमचा मुलगा, पुण्यात असतो. तो म्हणाला, “आई, आठवडाभर तरी त्या टँकरच्या रांगेतून बाहेर ये.” त्यानं आणि सुनेनं, प्राजक्तानं, मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची सहल ठरवली. आम्ही चौघं.

जहाजावर चढताना लाल गालिचा होता. कॅप्टननं पांढऱ्या गणवेशात सगळ्यांशी हात मिळवला आणि एक मुलगी प्रत्येक हस्तांदोलनाचा फोटो काढत होती. खोलीत पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. मी तो उलगडून तोंड पुसलं. यांना ते फार लागलं. “आपल्या जिल्ह्याच्या उद्घाटनाला सुद्धा एवढा थाट न्हाई होणार,” हे म्हणाले. मी म्हटलं, “आधी जिल्हा तर होऊ द्या.”

दुसरा दिवस अख्खा समुद्रात होता. बंदर नाही, किनारा नाही. सकाळी डेकवर आले तर चारी बाजूंना काहीच नव्हतं. पक्षीही नव्हता. मी मुलींना क्षितिजाची व्याख्या पाठ करायला लावायची. त्या दिवशी कळलं, ते शिकवता येत नाही. त्या गोल रेघेच्या मधोमध आपण असतो आणि कितीही चाललो तरी मधोमधच राहतो. जहाज चालत होतं असं सगळे सांगत होते. मला ते उभं वाटत होतं.

आता पाण्याचं सांगते.

दुष्काळात आमच्या घरी एक नियम होता. पेल्यात पाणी उष्टं ठेवायचं नाही. पाहुण्यालाही अर्धाच पेला द्यायचा आणि हवं तर पुन्हा द्यायचं. तरी उरलंच, तर ते तुळशीला, दुष्काळात तिलाही उष्टं चालायचं, नाहीतर भांड्यांच्या बादलीत. वर्षभरात हे अंगात इतकं मुरलं होतं की भरलेला पेला सोडून कुणी उठलं, तर माझा हात आपोआप त्या पेल्याकडे जायचा.

जहाजावर वाढपी मागेच उभे असतात. घोटभर प्यालं की पेला पुन्हा काठोकाठ भरतात. महेश दोन घोट घ्यायचा आणि उठायचा. प्राजक्ता तर पाण्याला तोंडही लावायची नाही, रसच घ्यायची. आणि हे बोलण्याच्या नादात विसरायचे. प्रत्येक जेवणानंतर आमच्या टेबलावर तीन पेले भरलेले उरायचे. तिथं तुळस नव्हती आणि गोडं पाणी समुद्रात ओतायचं हे मला पटेना. म्हणून मी प्यायचे. सगळ्यांचं, पहिल्या संध्याकाळपासून. खोलीतल्या अर्ध्या बाटल्याही. शेजारच्या टेबलावरचं तेवढं सोडलं. एवढी शुद्ध शाबूत होती.

त्यात माझी रक्तदाबाची गोळी डायुरेटिक, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. मीठ कमी खा असं मला आधीच सांगितलेलं. मी ते शिस्तीनं पाळत होते. म्हणजे मीठ बाहेर जात होतं, आत येत नव्हतं, आणि वर पाणी ओतणं चालू होतं.

सकाळी दहाच्या सुमारास डोकं दुखू लागलं. मळमळ. एक उलटी. सगळे म्हणाले, बोट लागली. स्वागतकक्षातून बोट लागण्याची गोळी मिळाली आणि “भरपूर पाणी प्या” असा सल्ला. मी तोही पाळला. कुणाचीच चूक म्हणणार नाही. लक्षणं तीच असतात. फरक एवढाच की बोट लागलेलं माणूस कंटाळतं, चिडतं. मी शांत होत गेले.

दुपारी बारा-साडेबाराला मी आणि हे वरच्या डेकवर कठड्याजवळच्या बाकावर बसलो होतो. वारा पडला होता. ऊन पांढरं होतं, कुणाची सावली दिसत नव्हती. आधी पाण्याचा आवाज बंद झाला. पंखा बंद पडल्यावर खोलीत होतं तसं झालं. मग मी खाली बघितलं, तर समुद्र नव्हता.

नांगरलेलं रान होतं. काळं, ओलं, नुकतं नांगरलेलं. नांगराची तासं अगदी सरळ, थेट क्षितिजापर्यंत गेलेली. ढेकळांच्या कडा उन्हात चमकत होत्या. मातीचा वास आला. मला नवल वाटलं नाही, हे मुद्दाम लिहिते. समुद्र होता तेव्हा वाटलं होतं, रान दिसल्यावर वाटलं नाही. जहाजाच्या पोटापासून पावलं उमटत गेली होती, अनवाणी, बाईची. मी माप ओळखलं. माझीच होती. जातानाची होती, येतानाची नव्हती.

“काय बघायलीस?” यांनी विचारलं. हातात मुंबईचं शिळं वर्तमानपत्र होतं.

“रान. नांगरट झालीय.”

“कुणाचं हाय?”

“माहीत न्हाई. बांध न्हाई, मेर दिसत न्हाई कुठं.”

“मग घे ताबा. भाऊबंदबी न्हाईत वाटणी मागाय.” आणि हे हसले.

आयुष्यभर मी असंच बोलत आले. टोमणा मारताना चेहरा सरळ ठेवायचा ही माझी जुनी सवय. त्यामुळे माझं डोकं फिरलं आहे हे यांना कळायला काही मार्गच नव्हता. मी चप्पल काढली, निऱ्या थोड्या वर खोचल्या आणि बाकावर चढले. तरी हे वर्तमानपत्रातच. “बघ बघ, वरून चांगलं दिसतंय,” एवढं म्हणाले.

कठडा आता माझ्या गुडघ्यांशी होता. पलीकडे एकच पाऊल टाकायचं होतं, बांधावरून रानात उतरतो तसं.

तेवढ्यात प्राजक्ता लिंबूपाणी घेऊन आली. “आई, खाली या ना, पडाल.”

मी वळून तिला म्हटलं, “प्राजक्ता, बस जरा. किती करतेस गं आमच्यासाठी. तुझ्या हातच्या भाकरीची चव माझ्या भाकरीला न्हाई.”

तिनं पेला टाकला आणि माझ्या कमरेला मिठी मारली. यांना ओरडून म्हणाली, “बाबा, धरा त्यांना, आईंना काहीतरी झालंय.”

नंतर मी तिला विचारलं, तुला कसं कळलं. तिनं आधी टाळलं, मग सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझ्या तोंडून तिनं स्वतःबद्दल बरा शब्द पहिल्यांदा ऐकला होता.

पुढचं मला आठवत नाही. दोघांनी खाली बसवल्यावर मला झटका आला. फिट. सगळं अंग ताठ झालं, दात जिभेत रुतले. जहाजाचा दवाखाना अगदी खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेला. तिथले डॉक्टर परदेशी, वयस्कर. त्यांनी दोन प्रश्न विचारले. बाई कुठल्या गोळ्या घेतात, आणि दिवसभरात पाणी किती प्यायल्या. पहिल्याचं उत्तर यांना येत होतं. दुसऱ्याला महेश म्हणाला, “नेहमीसारखंच.”

प्राजक्ता म्हणाली, “नाही. आम्हा तिघांचं उरलेलं सगळं आईच पितात. कालपासून.” तिनं ते पाहिलं होतं. लाजेनं बोलली नव्हती. सासूला लोकांसमोर काय सांगणार, उष्टं पिऊ नका म्हणून.

रक्ताचा थेंब यंत्रात घातला. आकडा आला. मग थ्री पर्सेंट सलाईन, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी खारट सलाईन, हाताच्या शिरेतून, थोडं थोडं. डॉक्टरांनी महेशला सांगितलं, “सोडियम भराभर वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. हळूहळू वाढवलं आणि पुन्हा झटका आला तरी धोका. कोची उद्या सकाळी.” ते एकोणीस तास या तिघांनी कसे काढले, ते त्यांनी मला नीटसं सांगितलेलं नाही. मीही फार विचारत नाही.

कोचीत सीटी स्कॅन झाला. त्याआधी गळ्यातलं सगळं काढा म्हणाले. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करत नाही. मी फारशी देवभोळी नाही, पण बेशुद्ध बाईला मत विचारता येत नव्हतं. यांनी तिथल्या परिचारिकेला खुणांनी समजावलं आणि तिनं ते पट्टीत गुंडाळून माझ्या दंडाला बांधलं. तिचं नाव मला माहीत नाही. ती गाठ दोन दिवस सुटली नाही.

मला जो भ्रम झाला होता त्याला डिलिरियम म्हणतात. शरीर बिघडल्यामुळे मन काही काळ जागेवर न राहणं. ते परत आलं का हे बघायला डॉक्टर रोज सकाळी प्रश्न विचारत. नाव, साल, गाव, जिल्हा. पहिल्या दिवशी जिल्हा विचारल्यावर मी “उस्मानाबाद” म्हटलं. डॉक्टरांनी फुली मारली. महेशनं सांगितलं, आई शिकली तेव्हा तोच जिल्हा होता, लातूर नंतर वेगळा झाला. दुसऱ्या दिवशी मी “लातूर” म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “उदगीर. आता होणारच हाय.” डॉक्टरांनी माझ्यावरची नजर काढून यांच्याकडे जरा वेळ बघितलं.

त्याच डॉक्टरांनी सांगितलं की शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशांनाही असं होई. उष्ण समुद्रात, ज्वरात, त्यांना पाण्याच्या जागी हिरवी कुरणं दिसत आणि ते चालत उतरत. त्याला कॅलेंचर म्हणायचे. मी विचारलं, “त्यांना हिरवं दिसायचं, मला नांगरलेलं का?” ते म्हणाले, “ते तुम्हीच सांगा.” दुष्काळातल्या माणसाला हिरवं रान खरं वाटलं नसतं, असं आता वाटतं.

प्राजक्तानं माझी चप्पल डेकवरून आणून पिशवीत ठेवली होती. बाकाशी ती देवळाबाहेर काढतात तशी जोडीनं नीट ठेवलेली सापडली म्हणे, टोकं समुद्राकडे. आयसीयूतून बाहेर आल्यावर मी ती हातात घेतली आणि तळ बघितले. माती नव्हती. नसणारच. पण मी बघितलं, हे खरं.

आठव्या दिवशी सोडलं. गोळी बदलली. घरी जाताना पथ्य दिलं, फ्लुइड रिस्ट्रिक्शन, म्हणजे पातळ पदार्थांवर बंधन, दिवसाला चहाताकासह एक लिटर. उदगीरला उतरले तर ते पथ्य सगळं गावच पाळत होतं.

तुम्हाला सांगायचं ते थोडकं आहे. पाणी वाचवा, पण स्वतःच्या पोटात साठवू नका. डोकेदुखी, मळमळ आणि वागण्यात फरक असं तिन्ही एकत्र दिसलं, तर गाडी लागली, बोट लागली म्हणून बसून राहू नका. सोडियम तपासा. आणि माणूस एकाएकी फार गोड झालं, तर खूश होण्याआधी डॉक्टरकडे न्या.

मला भीती वाटते ती रान दिसल्याची नाही. आयुष्यभर मी सगळ्यावर शंका घेतली, देवावर, पुढाऱ्यांवर, टॉवेलच्या हत्तीवर. त्याचा मला थोडा गर्वही होता. आणि ज्या एका दुपारी शंका घ्यायला हवी होती, तेव्हा ती माझ्याजवळ नव्हती. इतकी खात्री मला कधीच कशाची वाटली नव्हती. आत काहीही हललं नाही.

म्हणून परवा प्राजक्ता आली तेव्हा मी तिला समोर बसवलं. म्हटलं, “हे बघ, यापुढे मी कधी अगदी खात्रीनं काही बोलायला लागले, तर माझं ऐकायचं नाही. घरातल्या कुणाचं ऐकायचं नाही. मला धरून न्यायचं. हा हक्क तुझा.”

ती म्हणाली, “आणि आई, तुमचंच बरोबर असलं तर?”

“तरी आधी रक्त तपास,” मी म्हटलं.

ती हो म्हणाली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.