न्यायालय उठेपर्यंत

माझी दत्तावर श्रद्धा आहे, असं मी इतकी वर्षं सहज म्हणत आले. ती किती पातळ होती ते एका हिवाळी सकाळी कळलं. शहराच्या टोकाला, मिसरोदला नणंदेकडे दत्तजयंतीचं पारायण होतं. सकाळची आरती करून मी एकटीच गाडी घेऊन तुलसी नगरच्या आमच्या क्वार्टरकडे निघाले. होशंगाबाद रोडवर धुकं इतकं दाट होतं, की गाडी पुढे चाललीय की रस्ताच अंगाखालून वाहतोय, समजत नव्हतं. ओठांवर नाम होतं. अचानक डावीकडून एक सायकल उमटली, धप्पकन आवाज झाला आणि आरशात एक माणूस कडेला बसलेला दिसला. बसलाय म्हणजे फार लागलं नसेल, असं मी मनाला समजावलं. थांबले मात्र नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. ते सरकारी कचेरीत आहेत, कागदाला घाबरणारे. "धुक्यात कुणी पाहिलं नसेल. आता परत गेलीस तर अडकशील," ते हळूच म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. हातपाय धुऊन देवापुढे बसले, पण तसबिरीतली मूर्तीसुद्धा धुक्यात उभी असल्यासारखी अंधुक दिसत होती.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. बाहेर पांढरी शाल पांघरलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. "बहनजी, आपकी गाड़ी की बत्तियाँ जल-बुझ रही हैं," ते म्हणाले, "कब से बुला रही है." घाबरून माझा हात गाडीतल्या धोक्याच्या दिव्यांच्या बटणावर कधी पडला होता, देव जाणे. चारही दिवे गपचूप लुकलुकत होते. मी बटण बंद करून मान वर केली तर ते गृहस्थ कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले होते. ते कोण होते, मला माहीत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "चला, पोलीस ठाण्यात जाऊ." ते चपला घालू लागले.

ठाण्यातल्या महिला हवालदाराने शांतपणे लिहून घेतलं. "रुक जातीं मैडम, तो टक्कर का ही मामला होता. भाग गईं, तो उसका जुर्म अलग लगेगा. घायल को अस्पताल पहुँचाना ड्राइवर का फ़र्ज़ है. पर आज ही खुद आ गईं, यह भी लिख रही हूँ." तो माणूस सरकारी रुग्णालयात होता. रामकिशन नाव, रात्रपाळीचा चौकीदार, डाव्या पायाचं हाड मोडलेलं.

त्याच्या खाटेशी मी हात जोडून उभी राहिले. मान वर होईना. त्याने माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "एक दीदी रुकी थीं. अपनी चुन्नी से पैर बाँधा, यहाँ तक छोड़ गईं. नाम पूछा तो हँस दीं." मी ज्याचं नाव घेत पळाले, तो मी सोडलेल्या जागी थांबला होता.

खटला उभा राहिला. वकील म्हणाले, लढता येईल. मी गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं, आणि शिक्षा म्हणून त्या दिवशी न्यायालय उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं ठरलं. रामकिशनच्या भरपाईचं काम गाडीच्या विमा कंपनीकडे गेलं. तोवर तो काठीच्या आधाराने चालू लागला होता.

ती दुपार मी विसरणार नाही. मागच्या बाकावर बसले होते. पंखा फिरत होता, नावं पुकारली जात होती, माणसं येत होती, जात होती, आणि सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे लांबचे वाटत होते. कुठे जायचं नव्हतं. काही लपवायचं नव्हतं. आयुष्यभर मी देवाकडे सुटका मागत आले होते; त्या बाकावर पहिल्यांदाच काही मागितलं नाही. शरण जाणं म्हणजे बहुधा एवढंच असावं, जिथे बसवलंय तिथे पळून न जाता बसणं. साडेपाचला न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.