मोतद्दार कुठंय?

कारभारी आबांना विंचवाचं भ्या नव्हतं, सापाचं नव्हतं. गोऱ्या माणसाचं मात्र होतं. भ्या म्हणा की राग म्हणा, दोन्ही एकाच जागी मुरलेलं. त्यांचे वडील नगरच्या कँपात एका इंग्रज साहेबाच्या घोड्यांची देखभाल करायचे, मोतद्दार म्हणून. घोडा लंगडला, म्हणून साहेबानं चाबूक ओढला आणि तो वडलांच्या डोळ्यावर बसला. डोळा कायमचा गेला. पुढं इंग्रजांचं राज्यही गेलं, पण मोटारीचा आवाज आला की वडील मरेपर्यंत भिंतीला चिकटून उभे राहायचे.

ते बघत वाढलेल्या आबांनी इंग्रजांचं काही घरात शिरू दिलं नाही. नातवंडांच्या वाढदिवसाला केक नाही, औक्षण. कुणी 'थँक्यू' म्हटलं की दिवसभर तोंड फिरवायचे. एकदा हिवरे बाजारला बहिणीकडं गेले असताना ते आदर्श गाव बघायला परदेशी पाहुण्यांची बस आली, तर आबा गोठ्यात जाऊन बसले.

"मामा, ते जर्मनीचे हायेत," भाचा म्हणाला.

"गोरा त्यो गोराच," आबा म्हणाले आणि बस हलेपर्यंत बाहेर आले नाहीत.

अशा माणसाची नात निकिता नर्स झाली आणि तिला नोकरी लागली ती थेट इंग्लंडात, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात. आबांना आधी खरंच वाटेना.

"माझ्या बाचा डोळा फोडला त्यांनी. अन् तू त्यांची घाण काढाया चाललीस?"

निकिता पाया पडायला आली तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले. त्यानंतर आठ महिने तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत.

एके दुपारी आबा अंगणात पेंड भिजवत होते. सून सविता मोबाईल घेऊन धावत आली. "आबा, निकीचा फोन हाय. रडतीय ती."

रडतीय म्हटल्यावर आबांनी हात पुसले.

"आबा, फोन ठेवू नका," पडद्यावरची निकिता म्हणाली. "इथं एक डोरोथी म्हणून आजी आहेत, ब्याण्णव वर्षांच्या. त्या सगळं विसरल्यात, इंग्रजीसुद्धा. दोन दिवस काही खाल्लं नाही, नुसत्या ओरडतायत. आणि आबा, त्या मराठीत ओरडतायत!"

"मराठीत?"

"जन्म नगरच्या कँपातला. कँपाशेजारच्या भिंगारच्या एका बाईनं सांभाळलेलं, तिचीच ही मराठी. सारखं 'मोतद्दार कुठंय' म्हणतात. तुम्ही पणजोबांना मोतद्दार म्हणायचात ना? मोठ्या सिस्टरची परवानगी घेऊनच तुम्हाला दाखवतेय."

तिनं फोन फिरवला. पांढऱ्या केसांची, चिमणीएवढी म्हातारी चादर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. आणि त्या गोऱ्या तोंडातून त्यांच्या गावची बोली आली.

"मोतद्दाराला बोलवा. त्याच्या डोळ्यातनं रगात आलंय."

आबा तिथंच जमिनीवर बसले. सवितानं फोन त्यांच्यासमोर धरला.

"कुनी मारलं त्याला?" आबांनी विचारलं.

"पपानं. चाबकानं." म्हातारीनं दाराकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी पाह्यलं. पपा म्हनला, बोललीस तर तुलाबी मारीन. मी न्हाई बोलले. कुनाला न्हाई बोलले."

"नाव काय हुतं त्याचं? सांग बाय, नाव काय?"

म्हातारी गोंधळली. "मोतद्दार," ती म्हणाली. तिला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं.

कँपात साहेब पुष्कळ होते, मोतद्दारही पुष्कळ. तो आपलाच बाप होता की दुसऱ्याचा, हे आता कोण सांगणार? पण आबांना हादरा बसला होता तो वेगळाच. इंग्रजाला माणसं भितात हे त्यांना ठाऊक होतं. इंग्रजाची लेकही बापाला भिऊन ऐंशीवर वर्षं गप्प राहिली असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"पपा येतोय," म्हातारी पुटपुटली आणि चादर डोक्यावरून घ्यायला लागली.

"न्हाई येत," आबा एकदम बोलून गेले. "गेला त्यो. कवाच गेला. मोतद्दार घरी हाय, भाकर खातोय. तूबी खा."

"खातोय?"

"व्हय. खा बाय."

निकितानं चमचा पुढं केला. म्हातारीनं तोंड उघडलं. ती खात होती तोवर आबा तिच्याकडं टक लावून बघत राहिले. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे रोज दुपारी फोन आला. आबा तिला बैलांबद्दल सांगायचे, बाजारात काय आलंय ते सांगायचे. इंग्रजांबद्दल त्यांचं मत काही बदललं नाही. "चाबूक त्यांनीच मारला," ते सविताला ठासून सांगत. पण दोन वाजले की फोनची बॅटरी भरलीय का, हे तेच विचारत.

एका दुपारी पडद्यावर निकिता एकटीच होती. पहाटे म्हातारी गेली, असं तिनं सांगितलं.

आबांनी विचारलं, "भ्याली का गं?"

"नाही आबा. झोपेतच गेल्या."

"बरं झालं," आबा म्हणाले. "अन् तू जेवलीस का?"