सतरंजीचे पट्टे आणि सोळा रेघा

"नॉर्मल लिख दीजिए, मैडम," डॉ. भसीन म्हणाले. "और सायकियाट्री में भेज दीजिए. लड़की नाटक कर रही है."

काचेपलीकडे खुर्चीत सुनीता बसली होती. वय वीस, पानिपतजवळच्या गावची. डोक्यावर एकवीस तारा चिकटवलेल्या. हनुवटीवर ताजा व्रण. आमच्यापुढच्या स्क्रीनवर तिच्या मेंदूच्या सोळा रेघा संथपणे सरकत होत्या.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात. ही वीज अगदी क्षीण असते, पण डोक्यावर लावलेल्या तारांना ती टिपता येते. या नोंदीला ईईजी म्हणतात. ज्यांना फिट येते त्यांच्या रेघेत बऱ्याचदा मध्येच एखादा टोकदार सुळका उठतो. त्याला आम्ही स्पाइक म्हणतो. सुनीताच्या वीस मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये एकही स्पाइक नव्हता. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, लुकलुकता दिवा दाखवला, तरी काही नाही.

गुडगावातलं आमचं हॉस्पिटल नवंकोरं होतं. मागच्या खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची आणि पुढच्या खिडकीतून अर्धवट बांधलेले टॉवर. आयातीचे नियम सैल झाले आणि परदेशी कॉम्प्युटरवाली ईईजी मशीन आमच्याकडे आली. तोवर मी दिल्लीत रिसर्च करत होते, खडखडणाऱ्या पेनांच्या जुन्या मशीनवर. भसीनसर विभागप्रमुख. माणूस हुशार, पण त्यांचा नव्या मशीनवर नव्या सुनेवर नसेल इतका विश्वास.

"इतनी महँगी मशीन झूठ बोलेगी क्या?" ते म्हणाले.

त्यांच्या शंकेला आधार होता. फॉर्म मीच भरला होता. फिट कधी येते? दिवसा, काम करताना. घरी बसल्या-बसल्या कधी? कधीच नाही. झोपेत? नाही. आता कामाच्याच वेळेला बरोबर फिट येते म्हटल्यावर डॉक्टर काय, शेजारीपाजारीही तेच म्हणणार. म्हणतही होतेच.

मी बाहेर जाऊन तिच्या वडिलांना एवढंच सांगितलं, की मशीनला काही सापडलेलं नाही. रामफलजी उंच, किडकिडीत गृहस्थ. ते काही बोलायच्या आत आमचा टेक्निशियन वर्गीस सुनीताला घेऊन बाहेर आला. केसांत अजून पेस्ट होती. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मैडम, आपने नाटक लिख दिया?"

"अजून काहीच लिहिलेलं नाही," मी हिंदीत सांगितलं.

"मत लिखना. ठेकेदार ने बोल रखा है, कागज में बीमारी ना निकली तो मेरा खड्डा दूसरी को दे देगा. और ताई झाड़-फूँक वाले के पास ले जावेगी. पिछली बार उसने मिर्च का धुआँ दिया था."

ताई म्हणजे तिकडे मोठी काकू. हे सगळं ती रडत नव्हे, रागाने बोलली. मला ते आवडलं. 'खड्डा' म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. ही चूक नंबर दोन. नंबर एक पुढे सांगते.

दुपारी मी जेवायला निघाले तेव्हा बापलेक कॉरिडॉरच्या टोकाला बसले होते. खाली सतरंजी, वर रोट्या आणि लोणचं. सतरंजी बोटभर रुंद काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती, सुबक, एक सूत इकडचं तिकडे नाही. पण सुनीताने आपली ओढणी काढून त्या सतरंजीवर पसरली होती आणि ओढणीवर डबा ठेवला होता. कॉरिडॉरची फरशी आरशासारखी स्वच्छ, सतरंजी नवी. मग ओढणी कशाला?

"इसे ढँका क्यों?" मी विचारलं.

"आँखों में चढ़ती है," ती म्हणाली. "हिलने लगती है. फिर सिर में कुछ होता है."

"किसने बनाई?"

रामफलजी ताठ बसले. "इसी ने. पूरे शेड में ऐसा हाथ किसी का नहीं."

माझ्या हातातला डबा हातातच राहिला. मी परत आत गेले आणि फॉर्म काढला. 'व्यवसाय' या रकान्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: घरकाम. मी तिला विचारलंच नव्हतं. वीस वर्षांची, ओढणीतली, खेड्यातली मुलगी; हात आपोआप चालला. तीस वर्षं दिल्लीत "मैडम, आपके हज़बैंड क्या करते हैं?" हा प्रश्न ऐकून ज्या बाईचं डोकं तडकायचं, त्याच बाईने हे केलं होतं. मला माझीच लाज वाटली.

मग मी त्या दोघांजवळ फरशीवर बसून सगळं पहिल्यापासून विचारलं. खड्डा म्हणजे माग. विणणारी खड्ड्यात पाय सोडून बसते. सुनीता बारा वर्षांची असल्यापासून विणत होती. आधी रंगीत फुलं, मोर, चौकटी. गेल्या दिवाळीनंतर परदेशातून मोठी ऑर्डर आली. गोऱ्या लोकांना फक्त काळे-पांढरे पट्टे हवे होते. पहिली फिट कधी आली? होळीच्या आधी. हनुवटीचा व्रण? फिट आली तेव्हा ती पंजावर पडली होती. पंजा म्हणजे धागा ठोकून बसवायचं लोखंडी दातांचं हत्यार.

काही थोड्या लोकांच्या मेंदूचा मागचा भाग, जिथे दिसणं घडतं तो, ठरावीक पट्ट्यांनी चेकाळतो. हे मी वाचलेलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. आणि ईईजी काढताना आम्ही सर्वांत आधी काय सांगतो? "आँखें बंद कीजिए." डोळे उघडे असले की पापण्यांमुळे रेघा खराब होतात. आम्ही अगदी स्वच्छ रेकॉर्ड काढलं होतं, तिचं दुखणं बाहेर ठेवून.

उघड्या डोळ्यांना सतरंजी दाखवत पुन्हा ईईजी काढू या म्हटलं, तर भसीनसर आधी नाही म्हणाले. "फिट आ गई तो?"

"नर्स जवळ राहील, इंजेक्शन भरून ठेवू. एका वेळी पाच सेकंद दाखवू. सुनीता तयार आहे, वडीलही."

"आप मराठी लोग पानिपत का नाम सुनते ही लड़ने क्यों निकल पड़ते हैं?" ते म्हणाले. पण उठले.

वर्गीसने सलाइनच्या दोन स्टँडवर सतरंजी टांगली. सुनीताला पुन्हा तारा लावल्या. सतरंजीपुढे चादर धरली होती. मी म्हटलं, "आँखें खुली रखो." वर्गीसने चादर बाजूला केली. एक, दोन, तीन, आणि स्क्रीनवर मागच्या भागाच्या रेघांतून सुळके उसळले. मी ओरडले, "झाका!" चादर आली आणि रेघा पुन्हा संथ झाल्या.

थोड्या वेळाने पुन्हा केलं. पुन्हा सुळके. एक डोळा झाकून पट्टे दाखवले तर जवळजवळ काहीच नाही. वर्गीसने शोधून आणलेली फुलाफुलांची चादर दाखवली, रेघा शांत.

"मशीन की गड़बड़ भी हो सकती है," भसीनसर म्हणाले आणि चक्क स्वतः खुर्चीत बसले. विरळ केसांत तारा लावून घेतल्या, सतरंजीकडे रोखून पाहिलं.

"कुछ आया?"

"नाही सर. तुमच्या डोक्यात काहीच नाही," मी हिंदीतच सांगितलं.

सगळ्यात आधी सुनीता हसली.

रिपोर्ट मी लिहिला, सही भसीनसरांनी केली आणि ठेकेदाराला हॉस्पिटलच्या कागदावर पत्रही त्यांनीच दिलं: आजार खरा आहे, औषध सुरू आहे, हिला पट्ट्यांचं काम देऊ नये, फुलांचं द्यावं. पुढे ही केस आम्ही परिषदेत मांडली तेव्हा टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? आजही वाटतो. पण टाळ्यांपेक्षा जास्त अभिमान पुढच्या वर्षीच्या एका सकाळचा आहे.

सुनीता तपासणीला आली होती. बाराही महिन्यांत एकही फिट नाही. मी बाजूला उभी होते. नवा टेक्निशियन फॉर्म भरत होता. नाव, वय, गाव. मग तिच्याकडे न बघताच त्याचं पेन पुढे सरकलं.

"रुको," सुनीता म्हणाली. "क्या लिख रहे हो? पूछा तो है नहीं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"लिखो: कारीगर," ती म्हणाली. "और मैडम, आप पढ़ के देख लो, ठीक लिखा है ना."

मी पाहिलं. ठीक लिहिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर 'व्यवसाय' हा रकाना पेशंट स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत कोणी भरायचा नाही, असा नियम झाला. मशीन कितीही महाग असो, ती फक्त विचारलेलं सांगते.